कूलरवर बसून रोहण्याला

मोटरसायकलवर लांब जाताना बूड दुखू नये म्हणून आजवर जेवढे उपाय निघाले, त्यांतला सर्वांत गुणकारी उपाय मी शोधून काढलेला आहे. तो कोणी करू नये.

परवा नात मोबाइल घेऊन आली. त्यात गाडीच्या सीटवर टाकायची जाळीची गादी दाखवत होते. खालून हवा खेळते म्हणे, घाम येत नाही, दिवसभर बसा. "आजी, भारी आयडिया आहे नं?" मी म्हटलं, "यात नवीन काही नाही. हवेसोबत पाणीही खेळवून पाहिलेली बाई तुझ्यासमोर बसली आहे." पोरीला वाटलं म्हातारी थापा मारते. म्हणून लिहून ठेवते.

दहा-बारा वर्षं झाली असतील. मी तेव्हा पन्नाशीत नुकती शिरलेली आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माहीत असलेली बाई होते. (उत्तरं आजही तेवढीच आहेत. फक्त आता कोणी विचारत नाही.) वर्ध्याला लागून सिंदी मेघेत आमचं घर. आमचे हे एका कचेरीत मोठे बाबू आणि त्यांची मोटरसायकल त्यांच्याहून थोडीशीच लहान. गाडी धावायची चांगली, पण तिची सीट म्हणजे दोन वेगळे मुलूख होते. पुढे, जिथे हे बसत, तिथे इतक्या वर्षांच्या बैठकीने खोलगट खड्डा पडलेला. मागे, जिथे मी बसे, तिथे दगडी पाटा. वरवंट्याचं काम मी करायची.

त्यातून साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसायचं. हे दुःख पुरुषांना कळत नाही. दोन्हीकडे पाय टाकणारा माणूस गाडीवर बसतो. एकीकडे पाय सोडणारी बाई अर्ध्याच बुडावर सगळा संसार तोलून धरते. एकदा सेलूला पुतणीच्या डोहाळजेवणाला असेच गेलो. जेमतेम वीस किलोमीटर. तिथे पोचल्यावर मला पंगतीत बसताच येईना, म्हणून "मी वाढते" म्हणत तीन पंगती वाढल्या. सगळे म्हणाले, काय कामाची बाई आहे.

आणि आता जायचं होतं रोहण्याला. देवळी, पुलगाव करत पन्नासच्या वर किलोमीटर, तेही मे महिन्यात.

काम साधं नव्हतं. आमच्या मंजूला रोहण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा प्रशांत, घरची शेती, गावात बी-बियाणांचं दुकान. ती मंडळी मंजूला पाहून गेली, त्यांना पसंत पडली. आता आम्ही दोघांनी जाऊन त्यांचं घर पाहायचं, की मग साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख. याआधीची तीन स्थळं इकडून तिकडून फिसकटली होती आणि मंजूला त्याचं काही वाटलं नव्हतं. या वेळी मात्र पोरगी काही न बोलता माझा मोबाइल दर तासाला चार्जिंगला लावून ठेवत होती. आईला तेवढं कळतं.

"बसनं जाऊ," मी यांना म्हटलं.

"घरी गाडी असताना बसनं काऊन?"

"तुमची गाडी म्हणजे पाटा आहे. तिथं उतरून मले चालता येणार नाई."

"हळू चालवतो."

"हळू चालवली की जास्त वेळ बसा लागते."

यावर त्यांनी नेहमीप्रमाणे पेपर वर केला.

त्या दुपारी मी कूलरसमोर पडले होते. आमच्याकडे मे महिन्यात माणूस देवाआधी कूलरला हात जोडतो. बाहेर रस्ता वितळतो, आणि घरात वाळ्याच्या ओल्या ताटीतून वारं आलं की जगावंसं वाटतं. पडल्या पडल्या माझ्या डोक्यात वीज चमकली. ओला वाळा आणि वारा, एवढ्यावर जर अख्खी खोली थंड होते, तर एका सीटची काय कथा? चालत्या गाडीवर वारा फुकट. वाळा मऊ. पाणी आपल्या घरचं. इतकी सोपी गोष्ट जगात कोणाला सुचली नाही, याचं मला नवलही वाटलं नाही. बऱ्याच गोष्टी मलाच सुचायच्या.

उठले आणि कूलरची मागची ताटी सोडवून तिचा वाळा काढला. पडद्यासाठी आणलेलं गर्द हिरवं कापड घरात होतं, त्याची पिशवी शिवली, वाळा ठासून भरला, चार कोपऱ्यांना नाड्या लावल्या. (कापडाच्या रंगाची दुकानदाराने गॅरंटी दिली होती. ती दुकानाच्या पायरीपर्यंतच होती हे नंतर कळलं.) रात्री कूलर गरम हवा फेकू लागला तेव्हा हे म्हणाले, "मोटर गेली वाटते." मी म्हटलं, "असंन." शास्त्रज्ञाने अर्धवट प्रयोगाची वाच्यता करू नये.

सकाळी साडेआठ वाजता मी मोत्याच्या रंगाची कोरी साडी नेसले आणि गादी बादलीतून काढून, निथळत, सीटवर बांधली. मंजू दारात उभी. तिने गादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई, तिथं जाऊन फक्त बसायचं. चहा प्यायचा. काही शोध लावायचा नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तं घरीच ठेवली असती."

पण खरं सांगते, आणि हे मी आजही कोर्टात सांगेन: तो शोध लागू पडला. देवळी येईपर्यंत माझ्याखाली हिमालय होता. खड्डे आले की वाळा दबायचा, वारा आला की गारवा वर चढायचा. इतर बाया डोक्याला पदर गुंडाळून, तोंड वाकडं करून नवऱ्यामागे बसलेल्या. मी मात्र गुणगुणत होते. गादी सुकू लागली की सोबतच्या बाटलीतून धार सोडायची. फक्त सीटचा उतार पुढे होता.

"अवं, माह्याखाली तळं झालं," हे पुढून ओरडले.

"थंड लागते की नाई?"

"लागते."

"मंग चूप बसा."

पुलगावात रसवंतीवर थांबलो. हे रस प्यायले, मी गादीला बाटलीभर पाणी घातलं. रसवाला चरक थांबवून पाहत राहिला.

"बाई, सीटले पाणी काऊन पाजून राह्यल्या?"

"ऊन लागलं तिले," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि यांच्याकडून पैसे आधी मागून घेतले.

अकराच्या सुमारास रोहण्यात त्यांच्या दारापुढे गाडी उभी राहिली आणि मी टुणकन उतरले. पन्नास किलोमीटरनंतर टुणकन! ना कळ, ना मुंग्या. मी पदर सावरून विजयी मुद्रेने यांच्याकडे पाहिलं. हे माझ्या मागे पाहत होते.

"वळू नको," ते पुटपुटले.

"काऊन?"

"मागून तू हिरवी झालीस."

मी हात मागे नेला आणि पुढे आणला. हात हिरवा. मोत्याच्या रंगाच्या साडीवर कमरेखाली पडद्याचं कापड जसंच्या तसं उमटलं होतं, वर पाणी गळत होतं ते वेगळं.

"आणि तुम्ही?"

"माही पँट कॉफी कलरची आहे. काही दिसत नाई. सुकलीपण असंन." हे गळ्यातला दुपट्टा काढू लागले. "हा गुंडाळ कमरेले."

"पोरीची माय लग्नाच्या बोलणीले कमरेले दुपट्टा गुंडाळून जाते का? कुस्ती आहे का?"

तेवढ्यात प्रशांतचे वडील हात जोडत बाहेर आले. मागे त्याची आई, तिच्यामागे काठी टेकत त्याची आजी, आणि सर्वांत मागे प्रशांत. त्या क्षणी मी निर्णय घेतला: या घरात मी कोणालाही पाठ दाखवणार नाही.

बैठक पाहण्यासारखी सजवली होती. भिंतींना नवाकोरा पांढरा रंग, दिवाणावर नीळ दिलेली पांढरी चादर. आमच्यासाठीच केलेलं सगळं. मी सर्वांच्या मागून आत शिरले, आडवी सरकत भिंतीशी गेले आणि भिंतीपासून चार बोटं अंतर राखून उभी राहिले. टेकावं तर भिंत हिरवी होणार.

हे दिवाणावर जाऊन आरामात बसले.

"बसा नं बाई," प्रशांतची आई म्हणाली.

"उभीच बरी आहे मी."

"असं कसं? इतक्या दुरून आल्या."

"बसूनच आली नं इतक्या दुरून," मी म्हटलं. सगळे हसले. पहिला नंबर मी मारला असं मला वाटलं.

मग प्लॅस्टिकची खुर्ची आली. मी नको म्हटलं. मग उशी घातलेली लाकडी खुर्ची आली. उशीच्या अभ्र्यावर पांढऱ्या दोऱ्याचं बदक. त्या बदकाला हिरवं करायची माझी छाती झाली नाही. प्रशांतचे वडील आता हसत नव्हते. त्यांनी प्रशांतच्या कानात काही सांगितलं. तो दुकानात गेला आणि गल्ल्यावरची गोल फिरणारी खुर्ची डोक्यावर घेऊन आला. एका माणसाला पाठ लपवायची आहे आणि तुम्ही त्याला फिरणारी खुर्ची देता! मी तिलाही हात जोडले.

"गुडघ्याचा तरास हाये का?" आजीने विचारलं.

हो म्हटलं असतं तर सुटले असते. पण पोरीच्या आईचे गुडघे गेले म्हटलं की पुढे पोरीचेही जातील, असा हिशोब लोक करतात. "छे, गुडघे एकदम दणकट," मी म्हटलं आणि दणकटपणा दाखवायला जागच्या जागी एक उठाबशी काढली. आजीने आपली काठी जरा जवळ ओढून घेतली.

इथे एक सांगायला हवं. आमच्या भागात मुलीकडचे लोक घर पाहायला आले आणि बसलेच नाहीत, तर त्याचा एकच अर्थ निघतो: घर पसंत नाही, तोंडावर सांगायचा संकोच आहे. मला हे माहीत होतं. पण माझ्या हिशोबाने हा अर्थ निघायला अजून अवकाश होता.

"चला, घर तं पाहून घ्या," प्रशांतची आई म्हणाली. आवाज थोडा कोरडा झाला होता.

"तुमी व्हा पुढं."

"पाव्हणे पुढं."

"नाई, आमच्यात घरचे पुढं."

दारात आम्ही दोघी अशा किती वेळ एकमेकींना पुढे ढकलत होतो देव जाणे. शेवटी मी भिंतीच्या कडेकडेने आडवी आडवी सरकत, खेकड्यासारखं त्यांचं अख्खं घर पाहिलं. स्वयंपाकघर, कोठीची खोली, देवघर, सगळं डाव्या खांद्याने. न्हाणीत जाऊन साडी धुऊन काढावी असा विचार आला, पण आजी काठी टेकत माझ्यामागे येऊ पाहत होती आणि मी तिला मागे येऊ देत नव्हते. दोन म्हाताऱ्या कोंबड्यांसारख्या आम्ही एकमेकींभोवती फिरत बैठकीत परत आलो.

"भिंतीमंदी काही दोष दिसला का?" आजीने शेवटी विचारलं. "तुमी भिंतीपासून हटूनच नाई राह्यल्या."

"रंग छान आहे," मी म्हटलं. माझ्या तोंडी त्या दिवशी हा शब्द यायला नको होता.

चहा आला. मी उभ्यानेच घेतला. प्रशांत हातात रिकामा ट्रे धरून माझ्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा इतका पडला होता, की मला एकदम घरी फोनपाशी बसलेली मंजू दिसली. दोन पोरांचं जमत आलेलं लग्न मी एका पडद्याच्या कापडापायी मोडत होते, आणि ते कापड तर पडद्यालाही पुरलं नसतं.

प्रशांतच्या आईने शेवटचा उपाय काढला. बैठकीतच पाट मांडला आणि ओटीचं ताट घेऊन आली. नारळ, तांदूळ, खण. "ओटी तं घ्यान?"

ओटी घेतली म्हणजे होकार. नाही म्हणायची सोयच नव्हती. पाट लाकडी, त्यावर टेकले तरी काय बिघडणार? मी पुढे सरकणार, एवढ्यात पाहिलं: पाट पूर्वेकडे तोंड करून मांडला होता. म्हणजे माझी पाठ थेट दिवाणाकडे, सगळ्या पुरुषमंडळींसमोर.

"पाट फिरवता का जरा?" मी म्हटलं. "मी पश्चिमेकडं तोंड करून बसते."

आजीच्या हातातली काठी थांबली. "पश्चिमेकडं? ओटीले?"

"आमच्याकडं तसंच असते."

"माही सख्खी बहीण सिंदी मेघेले देली हाये. तिनं कधी नाई सांगतलं."

"सगळ्यांकडं नसते. आमच्याच घरी असते."

ही थाप मारताना मला फार हुशार वाटलं होतं. प्रशांतच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"बाई, आता मी सरळच बोलतो. तुमी बसल्या नाई, आमी काही म्हटलं नाई. घर पाहून काही बोलल्या नाई, तरी आमी चूप. पण ओटी पश्चिमेकडं म्हणजे तुमचा कुळाचारच उलटा दिसून राह्यला. उद्या पोरगी आमच्या देवासमोर पाठ करून बसंन. तुमच्या मनात नसंन तं सांगून द्या. आमी पोरीले नावं नाई ठेवणार."

बोलणं इथवर आल्यावर आमचे हे, जे इतका वेळ चिवडा खात होते, ताडकन उभे राहिले. "नाई नाई, तसं काही नाई! कुळाचार एकच आहे आपला. आमच्याकडंपण पूर्वच असते. हिले काय झालं मले मालूम आहे, पण..."

त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. सगळे दिवाणाकडे पाहत होते. नीळ दिलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर, हे बसले होते तिथे, दोन गोल हिरवेगार टरबूज उमटले होते. शेजारी शेजारी. ओले.

यांनी खाली पाहिलं. "सुकली वाटली होती," ते म्हणाले.

आजी काठी टेकत दिवाणाजवळ गेली. वाकून पाहिलं. मग यांच्या पँटकडे पाहिलं. मग हळूच माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकायला लागलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "तुमी पण फिरा पाहू जरा."

मी फिरले. तोंड पूर्वेकडे, पाठ साऱ्या घराकडे. इतका वेळ राखलेली अब्रू मी एका गिरकीत त्यांच्या हवाली केली आणि नव्या पांढऱ्या भिंतीकडे पाहत सगळं सांगून टाकलं. पाट्यासारखी सीट, कूलरची ताटी, वाळा, बाटली, पुलगावचा रसवाला. सांगता सांगता आवाजात जरा अभिमानही आला, तो मला आवरला नाही. "पण बूड नाई दुखलं," मी शेवटी म्हटलं. "एवढं मात्र खरं."

मागून "खुं" असा आवाज आला. मी वळून पाहिलं तर आजी पाटावर बसली होती, माझ्या पाटावर, आणि तोंडाला पदर लावून गदगदत होती. "कूलरवर बसून आली," ती कशीबशी म्हणाली, "पोरीची माय कूलरवर बसून आली व माय." मग प्रशांतची आई फुटली. वडील तेवढे गंभीर राहिले. दुकानदार माणूस, चादरीकडे पाहत होते.

आणि एवढ्यात प्रशांत दिसेना. बाहेर डोकावलो, तर तो आमच्या गाडीवर, माझ्या गादीवर बसून झोके घेत होता. "बाबा, खरंच थंड लागते हे," तो ओरडला. पोरगा मला धीर द्यायला बसला की खरोखर उत्सुकतेने, ते मी आजवर विचारलेलं नाही. तो उतरला तेव्हा त्याची मुलीकडच्यांसाठी घातलेली बदामी पँट मागून पाहण्यालायक झाली होती.

"लोकाच्या पोराले पयले हळद लागते," आजी डोळे पुसत म्हणाली. "आपल्याले हिरवा लागला. आता काय, भरा बाईची ओटी."

ओटी झाली. पूर्वेकडे तोंड करून, रीतसर. जेवण झालं, तेही बसून. पण त्या अवतारात आम्हाला परत पाठवायला त्यांचं मन होईना. प्रशांतच्या आईने आपली एक बारीक चौकड्याची साडी मला नेसायला दिली, वडिलांनी जरा नाखुशीनेच स्वतःचा एक पायजमा यांना दिला. आमचे कपडे ओले, एका पिशवीत. गादी आम्ही तिथेच सोडली आणि पन्नास किलोमीटर नुसत्या पाट्यावर बसून, कण्हत कण्हत, दिवेलागणीला घरी पोचलो.

मंजू फाटकात उभी. दिवसभर तिने काय केलं असेल ते माझ्या मोबाइलवरच्या चौदा मिस्ड कॉलवरून कळत होतं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आई, ही साडी कोणाची?"

"तुझ्या सासूची."

तिने यांच्याकडे पाहिलं. पायजमा घोट्याच्या बराच वर संपत होता.

"सासऱ्याचा," हे म्हणाले.

बिचारी मटकन पायरीवर बसली. हसावं की रडावं तिला कळेना, मग दोन्ही केलं. महिन्याभरात साक्षगंध झालं, दिवाळीनंतर लग्न. पुढे कितीतरी दिवस मी बायकांना सांगत असे, की माझ्या बोलण्यातला सच्चेपणा त्या माणसांना भावला, म्हणून ही सोयरीक जुळली. मग एका जेवणावळीत व्याह्यांना कोणीतरी तेच विचारलं. ते जिलबी खात होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "आमी नकारच कळवणार होतो. पण पायजमा परत कसा मागा लागंन, ते सुचूनच नाई राह्यलं."